पाणी लागलं का?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही परभणीकर अभिमानानं म्हणत आलोय. त्यात चीनला कुठं जागाच नाही. त्यामुळं शांघायला नोकरी करणाऱ्या लेकीनं आमची तिकिटं काढली, तेव्हा गल्लीतून एकच प्रश्न आला, “तिथं खाणार काय?” आमच्या हिनं त्यावर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा असा बंदोबस्त केला. शांघायच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं चटणीची पुडी हातात घेतली, उलटसुलट केली, नाकाजवळ नेली आणि काही न बोलता परत दिली.

शांघायचं काही सांगत नाही. चौतिसाव्या मजल्यावर आठ दिवस राहिलो, मान वर करून इमारती बघितल्या, संपलं. नंतर लेकीला रजा मिळेना. तिनं शिआन शहराची एक दिवसाची खाजगी सहल ठरवून दिली. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक गाईड आणि आम्ही दोघं. “चाळीस माणसांत झेंड्यामागं पळायला लागणार नाही, बाबा. तुम्हाला हवं तिथं थांबा,” ती म्हणाली. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा होता. पहिल्या आठवड्यातली त्यांची राष्ट्रीय सुट्टी आणि तिची गर्दी ओसरली होती.

सकाळी आठला हॉटेलात गाईड हजर. पंचविशीतली पोरगी, गळ्यात परवान्याचं कार्ड, हातात आमच्या पासपोर्टांच्या नंबरांचा कागद, कारण तिकिटं पासपोर्टावरच निघतात. तिनं हिला हाक मारली, “आयी!” ही चमकली. परक्या मुलखात कोण आई म्हणतंय? चिनी भाषेत मावशी-काकूला ‘आयी’ म्हणतात, हे मग कळलं. मी झालो ‘शूशू’, म्हणजे काका. हिचं त्या पोरीशी तेवढ्यावरच जुळलं. शूशू म्हणवून घ्यायला मला मात्र संध्याकाळपर्यंत अवघड वाटत होतं.

गाडी पूर्वेला निघाली. मातीच्या सैनिकांचं ठिकाण शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, लिनथोंग भागात आहे. माझी सगळी नोकरी कृषी विद्यापीठात माती तपासण्यात गेली, त्यामुळं माझं लक्ष इमारती सोडून रस्त्याकडेच्या कापलेल्या उंचवट्यांकडं. पिवळट, मऊ, पिठासारखी माती. लाखो वर्षं वाऱ्यानं उडवून आणून इथं थरावर थर रचलेली. गंमत म्हणजे ही माती सरळ उभी कापली तरी भिंतीसारखी उभी राहते. या मुलखात लोक तिच्यात घरं कोरून राहत आले आहेत. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून हात जाईल एवढी उकलते आणि पावसात फुगते. तिच्यात विहीर खणायची तर वरचे थर बांधून काढावेच लागतात, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात काठ आत बसतो. गाईडला मी हे सांगायला लागलो, तर तिनं वहीच काढली. म्हणाली, “पुढच्या पाहुण्यांना सांगेन.”

लिनथोंगच्या रस्त्याला डाळिंबांचे ढीग लागले. इथली डाळिंबं प्रसिद्ध. दाणे आपल्या भगव्यापेक्षा फिके, पण गोड. हिनं दोन घेतली आणि पैसे देण्यासाठी मोबाइल पुढं केला. चौकोनी ठिपक्यांचं चित्र, टिंग, झालं. परभणीच्या भाजीवालीकडंही हेच असतं, म्हणून यात आम्हाला नवल वाटलं नाही. गाईडला मात्र आम्हाला नवल वाटावं असं वाटत होतं.

पहिल्या खड्ड्याचं दालन म्हणजे रेल्वे स्टेशनासारखं छत. त्याखाली २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद जमीन उकरलेली, आणि तिच्यात रांगेनं उभे मातीचे सैनिक. या एका खड्ड्यात सहा हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. बरेचसे अजून मातीखालीच आहेत. चीनचा पहिला सम्राट छिन शि हुआंग तेराव्या वर्षी गादीवर बसला, इ.स.पू. २२१मध्ये त्यानं सगळी राज्यं जिंकून एक केली आणि इ.स.पू. २१०मध्ये तो वारला. मेल्यावरही राखण हवी म्हणून हे सगळं. गाईड हे पाठ असल्यासारखं म्हणत होती. पाय भरीव, धड पोकळ, डोकं वेगळं घडवलेलं, सगळं भट्टीत भाजलेलं. मूळचे रंग होते, पण माती बाजूला होऊन हवा लागताच ते पापुद्र्यासारखे उडाले. पोळ्याला आमच्याकडं कुंभार मातीचे बैल करतो, त्यांचेही पाय असेच भरीव असतात, नाहीतर बैल उभाच राहत नाही. हे मी गाईडला सांगितलं नाही. सम्राटाच्या फौजेला बैलाच्या रांगेत बसवल्यासारखं वाटलं असतं.

मग एका कोपऱ्यात तिनं कठड्याखालची एक पाटी दाखवली. “इथं ती विहीर होती.”

ही गोष्ट मी शाळेत नसेल, पण वर्तमानपत्रात कधीतरी वाचली होती. मार्च १९७४. पाऊस नव्हता. इथल्या खेड्यातले शेतकरी, बरेचसे यांग आडनावाचे, म्हणजे एक भावकीच म्हणा, विहीर खणत होते. चार-पाच मीटर खाली गेल्यावर कुदळीला भाजक्या मातीचं काहीतरी लागलं. आधी वाटलं जुनं मडकं असेल. मग धड निघालं, बाणांची कांस्याची टोकं निघाली. ती टोकं काहींनी भंगारात मोडली, असं गाईड म्हणाली. तालुक्याच्या छोट्या संग्रहालयातले झाओ कांगमिन नावाचे गृहस्थ खबर लागताच सायकलवरून आले, तुकडे गोळा करून नेले आणि जोडत बसले. पाच वर्षांनी, १९७९मध्ये, इथं संग्रहालय उघडलं.

ती बोलत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं मानवतजवळच्या आमच्या शेतातला खड्डा होता. १९७२चा दुष्काळ. मी दहा-अकरा वर्षांचा. खडी फोडायला गाव गेलेलं, घरात अमेरिकेची लाल मिलो, शाळेत सुकडी. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी तगाई काढून विहीर धरली. पाणाड्या आला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाबांधानं फिरला. एका जागी नारळ उभा राहिला, तिथं कुंकू टाकलं. दोन परस माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. सुरुंग उडायचा तेव्हा आम्हा पोरांना गावाच्या शिवेपर्यंत पळवायचे. यारीनं वर आलेल्या दगडांचा ढीग विहिरीपेक्षा उंच झाला. सहा परसांवर तगाई संपली. म्हणजे इकडं यांगांची भावकी कुदळ मारत होती, त्याच्या वर्षभर आधी तिकडं आमचीही चालली होती. त्यांना फौज लागली. आम्हाला पाषाण.

म्हणून मी गाईडला विचारलं, “मग पाणी लागलं का?”

“कुणाला?”

“त्या शेतकऱ्यांना. विहिरीला.”

ती थांबली. सैनिक किती, जुने किती, डोकी वेगवेगळी कशी, सम्राटाच्या थडग्यातल्या पाऱ्याच्या नद्या खऱ्या का, हे सगळे विचारतात. हे तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणाली, पुरातत्त्वाची माणसं आली आणि विहिरीचं काम थांबलं. पुढं संग्रहालयासाठी आसपासची जमीन गेली, घरंही हलवावी लागली. आमच्याकडं येलदरीच्या, निम्न दुधनाच्या धरणाला माणसं उठली ती पाण्यासाठी. इथं पाणी शोधायला गेलेली माणसं जमिनीलाच मुकली. ही म्हणाली, “अहो, चला आता. ती पाटी काही उत्तर देणार नाही.”

तरी हीच पुढं अर्धा तास एका जागी खिळली. दुसऱ्या खड्ड्याच्या दालनात काचेच्या पेटीत गुडघा टेकून बसलेला एक तिरंदाज आहे. लोक समोरून त्याचा चेहरा बघून पुढं जातात. ही मागं जाऊन वाकून बसली. त्याचा मागचा पाय चवड्यावर टेकलेला आहे आणि बुटाचा तळवा दिसतो. त्या तळव्यावर टाके कोरलेत. चवड्याला दाट, टाचेला दाट, मधे विरळ. जिथं झिजतं तिथं दाट. “माझी माय वाकळ अशीच शिवायची,” ही म्हणाली. “कडंला दाट, पोटात विरळ.” दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला जोडा कसा शिवतात हे माहीत होतं आणि जो तळवा राजानं बघितला नसता त्यावरही त्यानं टाके घातले होते. चिनी बाई-माणसं हिच्याकडं बघून मग त्या तळव्याकडं बघायला लागली. थोड्या वेळात पेटीमागं छोटी रांगच झाली.

ठरवताना ‘खरेदीचा थांबा नाही’ असं लिहून घेतलेलं होतं. तरी परतताना गाडी एका ‘कारखान्यात’ वळली. साचे, ओली माती, भट्टी, पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक आणि मग मोठ्ठं दुकान. गाईडचा चेहरा पडलेला. तिच्या हातात नव्हतं ते, कळत होतं. मी दारातच विक्रेतीला सांगून टाकलं की मी भांडणार आहे आणि घेणार काही नाही. हिनं मात्र वीतभर सैनिक उचलला, २८० युआनवरून ६० वर आणला आणि शनिवारच्या बाजारातून आल्यासारखी बाहेर आली. तोच सैनिक रस्त्यावर दहाला मिळत होता, हे मी हॉटेलात जाईपर्यंत गुपित ठेवलं.

जेवणाचा प्रश्न गाईडनं एका शब्दात सोडवला. ‘सू’ म्हणजे शाकाहारी. दुकानदाराला तिनं तो तीनदा ऐकवला. इथल्या नूडल्सचं नाव ‘ब्यांग-ब्यांग’. ते अक्षर काढायला पन्नासाच्या वर रेघा लागतात. आचारी पिठाची लांबोळी धरून ओट्यावर आपटतो, तोच तो आवाज. पट्टी कमरेच्या पट्ट्याएवढी रुंद होते. उकडून वाडग्यात घातली, वर लाल तिखटाची रास, लसूण, आणि मग कडकडीत तेल. चुर्र! त्या आवाजाला आणि वासाला आम्ही दोघंही एकदम घरी पोचलो. वरून फोडणी घेतलेली वरणफळंच ही. चटणीची पुडी पिशवीत तशीच राहिली.

दुपारी मोठा जंगली हंस पॅगोडा. मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, “ह्युएन त्संग!” गाईडला काही कळेना. “ह्यू-एन-त्संग,” मी तोडून सांगितलं. उगीच. शेवटी समोरच्या उंच पुतळ्याकडं बोट दाखवलं तेव्हा तिची ट्यूब पेटली. “श्वेन-त्सांग!” पाचवी-सहावीच्या इतिहासात आम्ही त्याचं नाव घोकलं ते असं की त्याच्या मुलखात कुणी ओळखेना. भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन तो ६४५ साली परतला आणि ते नीट राहावेत म्हणून ६५२ साली हा पॅगोडा उभा राहिला. आज सात मजले आणि ६४ मीटर उंची आहे. मी गाईडला सांगितलं, हा आमच्या महाराष्ट्रातही आला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, आणि आमच्याबद्दल लिहून गेला. काय लिहिलं? उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, आणि सूड घ्यायचा तर समोरच्याला आधी कळवतात.

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणून शूशू दुकानात आधी सांगून भांडले!”

शहराचा तट संध्याकाळी. चौदाव्या शतकातला, १२ मीटर उंच, वरून दोन बैलगाड्या आरामात शेजारून जातील एवढा रुंद, आणि फेरी पावणेचौदा किलोमीटरची. वर सायकली भाड्यानं मिळतात. माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. ढोलमनोऱ्यामागच्या मुसलमान मोहल्ल्यात शिरलो तेव्हा अंधार पडला होता. गोल टोप्या, तंदुरी पाव, खजुरांच्या राशी, सळयांवर भाजणारं मटण, धूर, रेटारेटी. ही म्हणाली, “तुराबुल हक बाबाचा उरूस!” फेब्रुवारीतल्या परभणीची सगळी गर्दी त्या एका गल्लीत होती. फक्त इथल्या जुन्या मशिदीला घुमट नाही, तिचा मिनारही पॅगोड्यासारखा चढत गेलेला.

हॉटेलकडं परतताना ड्रायव्हर पहिल्यांदा बोलला. दिवसभर त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. आरशात माझ्याकडं बघत तो बरंच काही बोलला आणि गाईड हसायला लागली. तो लिनथोंगच्या बाजूच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा पोरगा. गाईडनं गाडीत त्याला माझा सकाळचा प्रश्न आणि मी तिला सांगितलेली वडिलांच्या विहिरीची हकिकत ऐकवली होती, तेव्हापासून त्याच्या डोक्यात ती घोळत होती.

“तो विचारतोय,” ती म्हणाली, “तुमच्या वडिलांच्या विहिरीला पाणी लागलं का?”

मी म्हणालो, लागलं. बारा वर्षांनी. वडील थकले होते. मी नोकरीला लागलो आणि पहिल्या पगारातून आडवे बोअर मारले, तिसऱ्या बोअरला लागलं.

गाईडनं सांगितलं. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरचा एक हात सोडून किती खोल, असं विचारलं. मी दोन्ही हातांनी सहा बोटं दाखवली, मग परस म्हणजे किती हे सांगायला सीटवरच हात वर ताणून उभा राहिल्यासारखं केलं. डोकं छताला आपटलं. ही म्हणाली, “बसा हो खाली, आयीचं ऐका.”