घरचा चषक आणि वेशीपलीकडचे मैदान

आजचा धागा किल्ल्याचा नाही, ताम्रपटाचा नाही, कोणत्या लढाईचाही नाही. तो फुटबॉलचा आहे. ‘हा काय इतिहास झाला?’ असे ज्यांना वाटेल त्यांनी पुढचे चार परिच्छेद तरी वाचावेत आणि मग हवे तर मला नावे ठेवावीत.

एखाद्या मोठ्या क्लबाने घरच्या मैदानावरचे सगळे चषक जिंकले, तर तेवढ्याने त्याचे मोठेपण सिद्ध होते काय? हा प्रश्न मला गेल्या महिन्यात मामाने विचारला. त्याचे शब्द अर्थातच निराळे होते. नृसिंहवाडीत आमच्या पेढ्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून तो म्हणाला, “तू इतिहास शिकतोस न्हवं? मग सांग बघू, पोराला पाठवू का ठेवू?”

पोरगा म्हणजे माझा मामेभाऊ. वय सोळा, दोन्ही पायांनी सारखाच खेळणारा. पुण्याच्या एका फुटबॉल अकादमीने त्याला निवडले आहे. इकडे पेठेतल्या तालमीला तो येत्या हंगामात वरच्या संघात हवा आहे. आणि मामा, ज्याने आयुष्यभर त्या तालमीच्या पायरीला हात लावल्याशिवाय मैदानात पाऊल टाकले नाही, तो दोन्हींच्या मधोमध उभा आहे.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आमच्याकडे फुटबॉलचा संघ हा ‘क्लब’ क्वचितच असतो. तो बहुधा ‘तालीम’ असतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात, कारण ती मुळात त्याच परंपरेतली आहेत. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, मल्लविद्येला जो राजाश्रय मिळाला त्याने पेठापेठांतल्या तालमींना बळ आले. खासबागेचे मैदान त्याच काळाचे. पुढे संस्थानकाळातच फुटबॉल इथे रुजला, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली, आणि लाल मातीत घुमणाऱ्या पोरांच्या पायांत चेंडू आला. तालमीचा गणपती, तालमीचा मोहरम, तालमीचा फुटबॉल असे ते एकच गोत्र आहे. शिवाजी तरुण मंडळ किंवा प्रॅक्टिस क्लब यांच्या नावात तालीम नसली, तरी त्यांच्यामागेही पेठच उभी असते.

छत्रपती शाहू स्टेडियमवर केएसएची लीग होते, मग एकामागून एक चषक होतात: महापौर चषक, सतेज चषक आणि इतर. अंतिम सामन्याच्या दिवशी पेठेतली निम्मी शटरे दुपारीच खाली येतात. हलगी, घुमके आणि कैताळ यांच्या गजरात गर्दी स्टेडियमकडे निघते. मी प्रथम गेलो तेव्हा आठ वर्षांचा होतो. वाडीहून जयसिंगपूर, हातकणंगले मार्गे दीड-दोन तासांचा एसटीचा प्रवास, आणि मग मामाच्या खांद्यावरून पाहिलेला तो भरगच्च कठडा. त्या दिवशी मला कोणी सांगितले असते की जगात याहून मोठी स्पर्धा असते, तर माझा विश्वास बसला नसता.

घरच्या चषकाची मोहिनी ही अशी असते. तिला कमी लेखणारा मनुष्य त्या गर्दीत कधी उभा राहिलेला नसतो.

परंतु ‘घर’ म्हणजे केवढे, हे कोण ठरवतो? इतिहासात या शब्दाची वेस सतत सरकत आली आहे. इंग्लंडमध्ये १८७१-७२ साली एफए चषक सुरू झाला तेव्हा तो जिंकणाऱ्याला आणखी काही जिंकायचे उरत नव्हते. पुढची ऐंशी वर्षे इंग्रज क्लब याच समाधानात होते. १३ डिसेंबर १९५४ रोजी वुल्व्हरहॅम्प्टनने हंगेरीच्या होनवेद संघाला प्रकाशझोतात ३-२ असे हरवले आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी त्या संघाला थेट जगज्जेता ठरवून टाकले. पॅरिसच्या ‘लेकिप’ या क्रीडापत्राचे गाब्रिएल आनो यांना हे पटेना. जगज्जेते आहात ना, मग सगळ्यांशी खेळून दाखवा, असा त्यांचा एकूण रोख होता. त्यातून १९५५-५६ मध्ये युरोपीय चषक जन्माला आला. आणि गंमत पाहा, इंग्लंडचा विजेता चेल्सी त्यात उतरलाच नाही, कारण तिथल्या लीगच्या धुरिणांना आपले घरचे वेळापत्रक अधिक मोलाचे वाटले. पुढच्या वर्षी मॅट बझबी यांच्या मँचेस्टर युनायटेडने तो सल्ला धुडकावला. त्या हट्टाची किंमत फार भयंकर ठरली. १९५८ च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या धावपट्टीवर त्यांचे विमान कोसळले आणि ऐन उमेदीतले आठ खेळाडू गेले. युरोपीय चषक त्यांना मिळाला तो त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली.

म्हणजे ‘घरचे पुरे नाही’ ही भावना सनातन नाही. ती १९५५ नंतरची आहे. एकदा वेशीपलीकडे मैदान आखले गेले, की वेशीच्या आतला राजा आपोआप थोडा लहान दिसू लागतो. पॅरिस सेंट-जर्मेनचे उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. कतारचा पैसा आल्यावर या क्लबाने फ्रान्सची लीग जवळजवळ दरवर्षी जिंकली आणि तरीही २०२५ च्या मे महिन्यात म्युनिकमध्ये इंटर मिलानला ५-० ने हरवेपर्यंत जग त्याला हसत राहिले.

आता आपल्याकडे या. भारतात प्रश्न उलटा सुरू झाला. ड्युरंड चषक १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा. दोन्ही सुरुवातीला गोऱ्या पलटणींचेच. त्यामुळे २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली तेव्हा ती नावापुरतीच देशी स्पर्धा होती. समोर साम्राज्य उभे होते. त्या चषकाला ‘घरचा’ म्हणणे हा मला अन्याय वाटतो. रोव्हर्स चषकावर भारतीय संघाचे नाव कोरले जायला १९३७ साल उजाडले आणि तो मान बंगळुरू मुस्लिम्स या संघाला मिळाला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. याच रहीमसाहेबांनी पुढे भारताला १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानावर आणि १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णापर्यंत नेले. घरचा चषक तिथे शिडीची पायरी ठरला. पायरी आणि माळा यांत फरक असतो. दुर्दैवाने आपल्या बहुतेक क्लबांनी पायरीवरच संसार थाटला.

मुंबईच्या महिंद्रा युनायटेडची कथा मला या संदर्भात सर्वांत अस्वस्थ करते. या क्लबाने ड्युरंड जिंकला, फेडरेशन चषक जिंकला, २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, २००७ मध्ये एएफसी चषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली. घरचे झाले, बाहेरचेही बऱ्यापैकी झाले. आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुण्याचा पुणे एफसीही राष्ट्रीय लीगमध्ये उपविजेता ठरून काही वर्षांतच अस्तंगत झाला. रोव्हर्स चषकसुद्धा गेली वीसेक वर्षे कुणी खेळलेला नाही. आमच्या तालमींना आशिया कधी दिसला नाही, पण त्या आजही आहेत. कंपनीचा संघ एका ठरावाने संपतो. पेठ अशी बंद करता येत नाही.

हे मी मामाला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा खुलला. “म्हणजे ठेवू म्हणतोस.”

तसे मी म्हणत नव्हतो. म्हणून मी त्याला मुंबई सिटीचे दोन हंगाम सांगितले. ११ एप्रिल २०२२, रियाध. समोर इराकचा अल-कुवा अल-जविया, म्हणजे तोच संघ ज्याने २०१६ च्या एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यात बंगळुरू एफसीला हरवले होते. मुंबई सिटी २-१ ने जिंकली. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली. विजयी गोल मुंबईच्या राहुल भेकेने डोक्याने मारला. त्यानंतर २०२२-२३ मध्ये या क्लबाने इंडियन सुपर लीगची शील्ड जिंकली, देशात त्याला तोड उरली नाही आणि मग २०२३ च्या आशियाई मोहिमेत साखळीतले सहाच्या सहा सामने तो हरला. अल-हिलालने रियाधमध्ये सहा गोल चढवले. मला त्या सहा पराभवांत लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. घरी कुणी हरवू शकत नाही, हे माप किती आखूड आहे, ते त्यांना कळले. हे कळण्याची संधीच आमच्या शाहू स्टेडियमवर नाही. तिथे आफ्रिकेतून खेळाडू आणले जातात, बक्षिसांच्या रकमा वाढतात, पुढाऱ्यांचे फलक वाढतात, कधी प्रेक्षकांतल्या मारामाऱ्याही होतात. पण विजेत्याला पुढची पायरी कुठे आहे, ते कुणी दाखवत नाही.

इथे एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. कोल्हापूरचे नाव घेऊन देशाच्या लीगमध्ये उतरलेला संघ मुलींचा होता. २०१८-१९ च्या भारतीय महिला लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी खेळला. पेठांच्या कट्ट्यांवर या घटनेची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही, आणि यावर अधिक काही लिहिले तर मामा माझ्याशी बोलणार नाही.

मुलगे बाहेर गेले ते एकेकटे गेले. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोहोचला. दोघे कोल्हापूरचे, पण घडले ते पुण्याच्या वाटेने. याआधीही असेच झाले होते. खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. लाल मातीतला हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या काळी कोल्हापुरात मातीवरच्या कुस्त्या मारून कुणालाही सुखाने, सन्मानाने जगता येत होते. तरी एका प्राचार्याला तेवढे पुरेसे वाटले नाही.

हा प्रश्न मला इतका का बोचतो, तेही सांगून टाकतो. माझ्या एमएच्या प्रबंधिकेचा विषय तालमी आणि फुटबॉल हाच आहे. विषय मांडला त्या दिवशी एका प्राध्यापकांनी विचारले होते, “याला अखिल भारतीय संदर्भ काय?” मी त्या दिवशी गप्प बसलो. घरी येऊन घाटाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. समोर पंचगंगा कृष्णेत मिसळत होती आणि पलीकडे कुरुंदवाड दिसत होते. मला राग आला होता. तरी तो प्रश्न चुकीचा होता असे आज मला म्हणता येत नाही.

मामाची गोष्ट राहिली. तो विशीत असताना मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले होते. त्याच आठवड्यात चषकाचा अंतिम सामना होता. तो थांबला. सामना जिंकला. मिरवणूक रात्री दोनपर्यंत चालली. सोमवारी तो उद्यमनगरात लेथवर कामाला गेला आणि अजून जातो. तो चषक तालमीच्या कपाटात आहे. मी प्रबंधिकेसाठी त्याचे छायाचित्र घेतले तेव्हा त्यावरचे साल पुसट झालेले होते आणि मामाने ते न पाहताच सांगितले. पस्तावला आहेस का, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. विचारले नाही.

मी त्याला एवढेच म्हणालो, “मामा, तू थांबलास कारण तुला विचारणारी पेठ होती. त्याला थांबवशील तर तू थांबवलेस असे होईल.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला, देवळात जाऊन पादुकांचे दर्शन घेऊन आला आणि बाबांना म्हणाला, “भावजी, अर्धा किलो पेढे बांधा. हॉस्टेलला न्यायला हवेत.” बाबांनी एक किलो बांधले आणि वर कवठाची बर्फी ठेवली.

परवा पोरगा पुण्याला गेला. काल रात्री मामाचा फोन आला. अकादमीला सुट्टी कधी असते, आणि केएसएच्या खेळाडू नोंदणीची शेवटची तारीख कोणती, ते जरा बघून सांग म्हणाला.