निकालाआधीचे दिवस

साखरशेतहून पहाटे निघालो, तेव्हा वडिलांच्या मांडीवर अहवालांची पिशवी होती. रात्री चार-पाच वेळा लघवीसाठी उठावे लागते, हे त्यांनी संकोचापोटी वर्षभर लपवले होते. रक्तातील पीएसए वाढलेले आढळले. प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही ते वाढते. कर्करोग आहे की नाही हे बायोप्सीनेच ठरते, असे डॉक्टरांनी समजावले. परळच्या टाटा रुग्णालयात बायोप्सी झाली. बाकावर बसून मी धीराचे शब्द शोधत होतो. वडीलच म्हणाले, “तू आहेस ना बरोबर, मग झालं.” निकाल अजून यायचा आहे. मनात सल एकच: “रात्री किती वेळा उठता?” हे मी वर्षभरापूर्वीच विचारायला हवे होते.