पहिलें गिऱ्हाईक

नव्या वस्तूच्या पहिल्या गिऱ्हाइकाचें नशीब मोठें चमत्कारिक असतें. दुकानदार त्यास दूरदृष्टीचा म्हणतो, शेजारी उधळ्या म्हणतात. आणि वस्तु चांगली निघाल्यास दोन वर्षांनीं तीच स्वस्तांत घेणारा शेजारी शहाणा ठरतो.

आम्ही कांदिवलीस, चारकोपांत राहतों. २०२२ सालच्या गुढीपाडव्यास, म्हणजे २ एप्रिलला, आमच्या दारीं विजेवर चालणारी स्कूटर आली. त्याच दिवशीं जवळच्या डहाणूकरवाडीहून दहिसरमार्गे आरेपर्यंत मेट्रो सुरू झाली. दोन्ही वाहनें विजेचीं, दोन्ही नवीं आणि मुहूर्तहि एकच. परंतु आदल्याच आठवड्यांत, २६ मार्चला, पुण्यास विजेची एक स्कूटर उभ्या जागीं पेटली होती व तिचें चित्र घरोघर मोबाईलवर पोंचलें होतें. पूजेच्या वेळीं मातोश्रींनीं निरांजन गाडीपासून हातभर दूरच धरलें!

पुढें सोसायटीची सभा भरली. चार्जिंगची तार कोठून न्यावी, मीटर कोणाचें, आणि गाडी जिन्याजवळ उभी करूं द्यावी कीं नाहीं, यावर दोन महिने खल झाला. त्यांतच गाडीचा पडदा मधूनमधून काळा पडूं लागला. दुरुस्तीच्या ठिकाणीं उत्तर मिळालें, ‘गाडींत दोष नाहीं, नवें सॉफ्टवेअर यावयाचें आहे.’ घोडा आज न्या, लगाम मागाहून पाठवूं, असें सांगण्यापैकींच हा प्रकार!

मेट्रोंत मात्र आम्ही पहिल्याच आठवड्यांत निर्धास्तपणें बसलों. आकुर्ली स्थानकावरून ३१ मे २०२१ रोजीं तिच्या चाचण्यांस आरंभ झाला होता आणि सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्रावांचून उतारूंना आंत पाऊल टाकतां येत नव्हतें. धोक्याची परीक्षा रिकाम्या गाड्यांनीं दिली होती. स्कूटरलाहि सरकारी मान्यता होती. पण आगींच्या चौकशीनंतर बॅटरीचे नियम दोन टप्प्यांनीं कडक झाले, पहिला १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. एका घटांतील उष्णता शेजारच्या घटांत पसरून भडका उडूं नये, हा त्यांतील एक मुख्य हेतु. हे नियम योग्यच आहेत. मात्र ते घडविण्यास लागणारा अनुभव पहिल्या गिऱ्हाइकांनीं पुरविला, आणि तोहि पदरचे पैसे मोजून.

यावर कोणी म्हणेल कीं, सरकारनें अनुदान दिलें होतें. दिलें होतें, हें खरें. जून २०२१ पासून दर किलोवॅट-तासामागें १५,००० रुपये, किंमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत. १ जून २०२३ पासून तें १०,००० रुपये व १५ टक्के झालें. लवकर घेणारास लाभ झाला, यांत शंका नाहीं. परंतु अनुदानानें किंमत उतरते, रात्रीं गाडी चार्जिंगला लावून निजतांना वाटणारी धास्ती उतरत नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. लोखंडानें जमीन नासेल, अशी शेतकऱ्यांस भीति होती. आज त्यांस हंसणें सोपें आहे. पण नांगर फसता तर कारखानदाराचा एक नांगर फुकट जाता. शेतकऱ्याचा मात्र सारा हंगाम बुडता. जोखमीची वांटणी अशी विषम असतां मागें राहणारास भित्रा म्हणणें न्यायाचें नाहीं.

तथापि कोणीतरी पहिलें झाल्यावांचून नवी वस्तु सुधारत नाहीं, म्हणून ‘घेऊं नका’ असा सल्ला आम्ही देणार नाहीं. आमची गाडी आजहि धांवते आणि पेट्रोलचा खर्च वांचवते. मागणें एवढेंच कीं, वस्तूची परीक्षा अजून चालूं असेल तर विकणारानें तसें उघड सांगावें आणि त्या परीक्षेचा खर्च आपल्या शिरावर घ्यावा. वाचकांपैकीं कोणी येत्या पाडव्यास असें वाहन घेणार असतील, तर त्यांनीं रंग निवडण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: उद्यां नियम बदलला तर ही बॅटरी कोणाच्या खर्चानें बदलली जाईल? उत्तर मिळाल्यास तें लेखी घ्यावें.