टाकीखालचा पितळी

हैदराबादेत काचीगुड्याच्या घरी गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी आहे. तिच्या ओट्याला टेकून हा व्हॉल्व्ह बसलेला असतो. अंग पितळेचं, उन्हापावसाने हिरवट पडलेलं. डोक्यावर लाल चक्री, रंग निम्मा उडालेला. चक्रीच्या दांड्याच्या बुडाशी बोअरच्या जड पाण्याची पांढरी पुटं. टाकीतून घरात उतरणारं सगळं पाणी याच्या पोटातून जातं. स्वयंपाकघर, मोरी, गीझर, वॉशिंग मशीन, सगळे याच्या हाताखालचे. तरी याची विचारपूस कोणी करत नाही. कुरडया वाळत घालायला आलेल्या बायका याला ओलांडून जातात, मुलं याच्यावर पाय देऊन ओट्यावर चढतात.

स्वभावाने हा एकमार्गी. पुरतं उघडं नाहीतर पुरतं बंद, मधलं काही याला मानवत नाही. पोटात एक पितळी पाचर असते. चक्री उजवीकडे फिरवत गेलं की ती आट्यांवरून खाली उतरते आणि वाट अडवते. धार कमी करायची म्हणून चक्री अर्धवट ठेवली, तर पाचर पाण्याच्या माऱ्यात थरथरत राहते, तिच्या कडा झिजतात आणि पुढे पूर्ण बंद करूनही पाणी झिरपत राहतं. धार कमी-जास्त करणं हे खालच्या नळांचं काम. त्यासाठी याला राबवू नये.

दुसरी खोड जास्त गंभीर. वर्षानुवर्षं हात लावला नाही, तर हा ऐनवेळी हलत नाही. पाण्यातला क्षार आट्यांत बसतो आणि दगड होतो. मागच्या गल्लीत एका घरी वॉश बेसिनखालची जोडनळी रात्री फुटली. अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज येतं, म्हणजे हजार लिटरची टाकी तासाभरात घरात उतरते. त्यात त्यांची संपवरची मोटर आपोआप चालणारी. टाकी जितकी रिकामी होई तितकी ती भरत होती. बेसिनखालचा अँगल कॉक जाम, गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली गावाला गेलेल्या भावाकडे. कुलूप तोडून वर गेले, दोघांनी मिळून चक्रीला हिसका दिला, तर दांडाच तुटला आणि पाचर होती तिथेच राहिली. मोटरचा स्विच बंद करायचं कोणाला सुचेपर्यंत कपाटाच्या खालच्या कप्प्यातली निजामाच्या काळातली उर्दू दस्तांची गठडी भिजून चिकटली होती. जमिनीचे कागद होते ते. पंख्याखाली एकेक पान सोडवत बसलेल्या तिथल्या काकूंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आमच्याकडे येणारे प्लंबरचाचा दर वेळी बजावतात, “अम्मा, इसकू हलाते रैना, नै तो अकड जाता.” जोर करायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत आट्यांतला क्षार सुटू द्यायचा. पूर्ण उघडल्यावर चक्री अर्धा फेरा मागे आणून ठेवायची, म्हणजे हा ताठून बसत नाही. दांड्याच्या बुडातून थेंब गळायला लागला तर घाबरायचं कारण नाही. तिथला नट पान्याने जरासा आवळायचा, नाहीतर त्या नटाखालची दोरी बदलून घ्यायची.

याचं खानदान मोठं आहे, पाणी अडवणाऱ्या दरवाजांचं. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीने हैदराबाद बुडवलं, हजारो माणसं गेली. निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात शिकलेल्या या इंजिनिअरने १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. पुढे इथे १९२० मध्ये गंडीपेटचा उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभा राहिला. आता शहराची तहान मुख्यतः लांबून भागते. मांजरेचं पाणी येतं, नागार्जुनसागरातून कृष्णेचं आणि येल्लमपल्लीहून गोदावरीचं. एक बीडच्या बालाघाटात उगवते, एक महाबळेश्वरला, एक त्र्यंबकेश्वरला. पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातलं गाव सोडून इथे आलेल्या घरांना नळाला तिकडचंच पाणी येतं, याचं मला फार अप्रूप आहे. एवढ्या वाटेवरचा शेवटचा दरवाजा हा. पावसाळ्याआधी धरणाच्या दरवाजांना वंगण देतात, ते वरखाली करून बघतात. याचाही तेवढा मान राखला पाहिजे.

नव्या इमारतींत दांडीचे बॉल व्हॉल्व्ह असतात. दांडी नळीच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद, एका झटक्यात काम. नवं घर बांधणाऱ्याने तेच आणि प्रत्येक बाथरूमला वेगळे घ्यावेत. पण तेही हात लावला नाही की रुसतात.

आमच्या पितळ्याच्या बाजूला आता ऑइलपेंटने बाण काढलाय आणि ‘बंद’ असं देवनागरी, तेलुगू, उर्दू अशा तिन्ही लिप्यांत लिहिलंय, कारण खालचे भाडेकरू तेलुगू आहेत आणि चाचांना उर्दूच वाचता येतं. गच्चीची किल्ली जिन्यातल्या खिळ्यावर, तिच्याजवळ टॉर्च आणि पाना. घरातल्या प्रत्येकाला क्रम पाठ आहे: आधी मोटर बंद, मग हा, मग गीझरचा स्विच, कारण टाकी रिकामी झाली आणि गीझर चालू राहिला तर कॉइल जळू शकते.

दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत पान्यालाही हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं. आरती झाली की धाकटी तो पाना घेऊन वर जाते. आजी खाली मोरीतला नळ सोडून उभ्या राहतात. वरून चक्री फिरते, धार बारीक होत जाते, आणि ती पुरती थांबली की आजी जिन्यातून मोठ्याने सांगतात, “झालं गं बंद! आता सोड, भांडी घासायची आहेत.”