निपाणीची गाडी

१२ ऑगस्ट
रिपरिप. बी.ए.च्या वर्गात 'मॅकबेथ' सुरू केलं. हजर अकरा.
"सर, चेटकिणी खऱ्या असत्यात व्हय?"
हसलो नाही. यांच्या गावात अजून करणी काढतात. म्हटलं, राजा जेम्सनंही १५९७ मध्ये चेटकिणींवर पुस्तक लिहिलं होतं. वर्ग गप्प.

१४ ऑगस्ट
विभागप्रमुख डिसेंबरात निवृत्त. मागे आम्ही दोघंच. मॅडम तीन वर्षांनी ज्येष्ठ.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम तास वेळेवर घेतात ना?"
"घेतात की. निपाणीची गाडी वेळेवर आली तर."
खोटं नाही. जूनपासून दोनदा चुकली होती.

१९ ऑगस्ट
द्वारपालाचा प्रवेश. आधी १६०५ सांगावं लागलं. पार्लमेंटच्या तळघरात दारूची पिंपं, राजाला उडवायचा कॅथलिकांचा कट. मग हेन्री गार्नेट, जेझुइट पाद्री. मे १६०६ मध्ये फासावर. शपथेवर अर्धं बोलावं, उरलेलं मनात देवाला सांगावं, म्हणजे पाप लागत नाही, अशी ती शिकवण. कटापेक्षा लोक याच्यावरच जास्त चिडले असावेत. शेक्सपिअरचा झिंगलेला द्वारपाल असल्याच एकाला नरकात घेतो.
पोरांना कळेना. शेवटी 'नरो वा कुंजरो वा' म्हटलं. लगेच कळलं. धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला, हे एका पोरीनं सांगितलं. मी विसरलो होतो.

२३ ऑगस्ट
तंबाखूची लावण. वर्गात चौघं.
शिरवाडकरांचं 'राजमुकुट' ग्रंथालयात सापडेना. कन्नडच्या कपाटातही पाहिलं, उगाच.

२६ ऑगस्ट
मॅडमना केबिनमध्ये बोलावलं होतं. बाहेर आल्या त्या थेट वर्गावर गेल्या. दुपारी नेहमीसारखी शेंगापोळी पुढे केली. भूक नाही म्हटलं.

३० ऑगस्ट
१७७३ मध्ये आजच्याच दिवशी शनिवारवाड्यात नारायणराव. वर्गात 'ध चा मा' निघालंच. लेडी मॅकबेथ म्हणजे आनंदीबाई, पोरांनीच ठरवून टाकलं. आनंदीबाईवर हा आळ दंतकथेनं घातलाय, हे कुणी ऐकून घेईना.
रामशास्त्र्यांचं सांगितलं. जेम्सच्या लंडनात राजा देवाचा नेमलेला, त्याला जाब कोण विचारणार? इथे न्यायाधीश राघोबाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगतो आणि पुणं सोडतो. पोरं खूश. तास पाच मिनिटं आधी सोडला.

२ सप्टेंबर
प्रमुखपदासाठी माझं नाव पुढे गेलं. आईनं देवापुढे साखर ठेवली.

३ सप्टेंबर
निपाणीची गाडी दहा मिनिटं आधी आली. मॅडम उतरल्या. मी स्टँडसमोर चहा घेत होतो. पेपर वर धरला.