मागील पानावरून पुढे

दसऱ्यानंतर नारायणगडाच्या आसपासची गावं रिकामी होतात. ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांवर जातात. त्यांना आगाऊ दिलेल्या उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. तो कॉम्प्युटरवर घेण्यासाठी प्रोग्राम लिहायचं काम त्याच्याच घरातला शिकलेला मुलगा काढतो. हंगाम लागला की ते थांबतं. आषाढीला गडावर, धाकट्या पंढरीला, रांग लागते. नव्या उचली सुरू होतात. काम परत निघतं.

पूर्वी थांबताना डायरीत लिहिलं जायचं. निळी शाई, मळलेले कोपरे. 'पावती झाली. फिटलेली उचल वजा होत नाही. विठ्ठलची वेलांटी उजवीकडे पडते.' खाली रेघ आणि तारीख. आता टर्मिनलमध्ये एक आज्ञा दिली की क्लॉड कोड हा एआय मदतनीस मागचं संभाषण उघडतो.

वेलांटी उजवीकडे पडायची, कारण युनिकोडमध्ये आधी व साठवला जातो, मग वेलांटी. छपाईच्या वेळी जागा बदलायचं काम प्रोग्रामचं. हे कळायला रात्र जायची. उत्तर शोधायला स्टॅक ओव्हरफ्लो होतं, प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची 2008 ची साइट. तिथे उत्तराखाली लोकांची भांडणं असत, आणि खरं उत्तर पुष्कळदा त्या भांडणातच सापडे. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं. स्टॅक ओव्हरफ्लोवरचे नवे प्रश्न झपाट्याने घटले.

काम परत काढताना पुण्याला दादाला फोन जायचा. 'दादा, हे कुठवर आलं होतं?' निम्मं बोलणं पावसाचं आणि कापसाच्या भावाचं. हा फोन आता होत नाही.

कोडमध्ये शेरे असत. 'हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.' कोड नीटनेटका करताना असे शेरे जातात. नवे शेरे इंग्रजीत असतात, बिनचूक.

कोडमधले बदल टिपणाऱ्या गिटमधल्या नोंदी एकेका-दोन शब्दांच्या असत. 'जुळलं.' 'परत बिघडलं.' 'दसऱ्याआधीचं.' आता नोंद मदतनीस लिहितो. ती वाचायला सोपी आहे, हे मान्य करायला हवं.

भारनियमनाच्या दिवसांत दर दोन ओळींनी कंट्रोल आणि एस दाबलं जायचं. आता फाइल आपोआप साठवली जाते.

जुना कोड वरून खाली वाचत बसण्याचा पहिला दिवस गेला. त्या दिवशी एक ओळही लिहून होत नसे. मधेच वाचणारा स्वतःवर चिडायचा, कधी स्वतःची पाठ थोपटायचा. आता वाचन मदतनीस करतो आणि सारांश देतो.

प्रकल्पाच्या सूचना क्लॉड डॉट एमडी नावाच्या फाइलमध्ये असतात. प्रत्येक संभाषणाच्या सुरुवातीला मदतनीस ती वाचतो. माणसाने ती उघडायची गरज पडत नाही.

संभाषणांची नोंद, वेगळं सांगून ठेवलं नाही तर, 30 दिवसांनी पुसली जाते. उसाचा हंगाम त्याहून कितीतरी लांब चालतो. मुदत सेटिंगमध्ये वाढवता येते. हंगामाला निघण्याआधीच ती वाढवावी लागते.