आवाज आणि आरोप

द्राक्षांचा हंगाम भरात असताना दिंडोरी परिसरात अवकाळी पाऊस झाला. पिंपळगाव बसवंतच्या एका व्यापाऱ्याची, चारही चाकांना इंजिनाची शक्ती देणारी नवी पिकअप भरल्या क्रेटांसह बागेतील काळ्या चिखलात रुतली. चालकाने गाडी पूर्ण थांबवली, क्लच दाबून मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये आणला आणि शेजारचा छोटा दांडा ओढला. ‘खट्’ असा आवाज झाला. पुढची चाकेही जोर लावू लागली आणि घुंऽऽ असा आवाज करीत गाडी हळूहळू बाहेर आली.

माल वेळेत शीतगृहात पोहोचवायचा होता. “चल, आता थांबू नकोस,” असा शेठजींनी तगादा लावला. डांबरी रस्त्याच्या पहिल्याच वळणावर गाडी अडखळली. खालून खाडखाड आवाज आला. “नवी गाडी मोडलीस!” चहाच्या टपरीवरील माणसांदेखत शेठजी ओरडले. दहा वर्षांच्या सेवेत चालकाने हे प्रथमच ऐकले. सायंकाळी त्याने चावी गल्ल्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

थारसारख्या गाड्या ज्या नाशिकमध्ये तयार होतात, तेथील अनुभवी मिस्त्रीला या आवाजांचे नवल नव्हते. त्याने गाडी चालवून पाहिली आणि म्हणाला, “शेठ, गाडी ठणठणीत आहे.”

पहिला ‘खट्’ म्हणजे ट्रान्सफर केसमधील दात एकमेकांत बसल्याचा आवाज. लो गिअरमधील घुंकारही स्वाभाविक. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांना सारखे अंतर कापावे लागत नाही. परंतु फोर-व्हील लावल्यावर पुढचा व मागचा दांडा एकाच वेगाने फिरतो. चिखलात चाके थोडी घसरतात, म्हणून ताण साचत नाही. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत. ताण साचतो आणि झटक्याने सुटतो. त्यामुळे पक्क्या रस्त्यावर येताच फोर-व्हील काढावे. ते सुटत नसेल, तर गाडी थोडी मागे घ्यावी. सतत करकर, टू-व्हीलमध्येही न थांबणारा आवाज किंवा तेलगळती असेल, तरच काळजी करावी.

“पण डांबर लागताच त्याने फोर-व्हील काढले कसे नाही?” मिस्त्रीने विचारले.

शेठजी निरुत्तर झाले. काढायला थांबू कोणी दिले नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. पावती पाहिल्याशिवाय वहीत रक्कम न मांडणाऱ्या या गृहस्थाने एका माणसाच्या नावे दोष मात्र चौकशीविना मांडला होता.

त्याच दिवशी ते चालकाच्या घरी गेले. “चूक माझी होती,” असे त्याच्या कुटुंबासमोर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर गाडी थांबवून, चार माणसांत त्यांनी तेच पुन्हा सांगितले.

परतीच्या खेपेला चिखल संपून डांबर सुरू होताच चालकाने गाडी थांबवली आणि शेठजींकडे पाहिले.

“सावकाश काढ. घाई नाही,” ते म्हणाले.

खट् असा आवाज झाला आणि गाडी पुढे निघाली.